लोखंडासाठी घडवलेल्या नांग्या

मी एक जुना लिगँड आहे. नाव ऐकून बिचकू नका, मित्रांनो. माझं मलाही अजून पचलेलं नाही. पाण्यात विरघळलेला धातू नांग्यांत धरून ठेवणारा रेणू, एवढंच माझं काम. सध्या मुक्काम अर्जुनी मोरगावच्या एका कॉलेजात, फळीवरच्या बाटलीत, पिवळी भुकटी होऊन.

मला दुर्गेश्वरीने घडवलं. ती नवेगाव बांधची, तलावकाठी खेकडे धरत वाढलेली संशोधक. तिच्या घरच्या बोअरच्या पाण्यात लोखंड फार. पांढरे कपडे तांबूस पडतात. ते लोखंड पकडायला तिने कागदावर माझ्या नांग्या काढल्या आणि मध्ये लोखंडापुरतीच जागा ठेवली. लोखंड धरलं की मी लालबुंद व्हायचो. मग काय, कौतुकच कौतुक!

एके दिवशी नागपूरहून तिचे मार्गदर्शक हेमेंद्र सर आले. काम चालू ठेवायचं की गुंडाळायचं, ते आज ठरणार होतं. दुर्गेश्वरीने मला पाण्यात सोडलं. लोखंड अजून टाकलंही नव्हतं, तोच मी हिरवानिळा! सगळ्यांत मोठा धक्का मलाच बसला.

"हा तर दिसेल त्याच्या गळ्यात पडतो," सर म्हणाले. "बंद करा हे."

दुर्गेश्वरीने डिस्टिल्ड वॉटरची बाटली उचलली आणि ती झाडू मारणाऱ्या अनुसयाबाईंकडे वळली. "मावशी, यात पाणी कोणतं भरलं वो?"

"प्यायच्या पाण्याच्या गुंडातलं. साहेब येऊन राहिले, अन् त्यायले खाली बाटली दाखवू काय? चिंच लावून घासला मी गुंड, सोन्यावानी चमकून राहिला!"

"तांब्याचा गुंड?"

"मंग? पाव्हण्याले प्लास्टिकचं पाणी देऊ?"

चिंचेने तांबं सुटलं होतं, आणि ते मी इमानाने धरलं होतं. नवं डिस्टिल्ड वॉटर आलं, लोखंडाचा थेंब पडला, मी लाल झालो.

"ठीक," सर म्हणाले. "पण तांबं दिसलं की याला लोखंड आठवत नाही, त्याचं काय?"

दुर्गेश्वरीने वही काढून माझ्या नांग्यांमधली जागा पुन्हा मोजली.

"काम चालू ठेव पोरी. नांग्या मात्र बदल."

म्हणजे मी पास की नापास? हल्ली अरुंद नांग्यांचा माझा धाकटा भाऊ लोखंड धरतो. माझ्या बाटलीवरचं 'लोखंड' खोडून दुर्गेश्वरीने लिहिलंय, 'तांबे?' त्या प्रश्नचिन्हाचं उत्तर मीही शोधतोय.

मित्रांनो, कोणी भलताच रंग दाखवला, तर फेकण्याआधी त्याला कुठल्या पाण्यात घातलं होतं ते बघा. आणि जाता जाता माझं झाकण तेवढं घट्ट लावा. उद्या पुन्हा पाहुणे आहेत, अनुसयाबाईंनी चिंच भिजत घातली आहे.