आठव्या दिवशी कोण बघणार?

"इथे ऑपरेशनचा नंबर चौदा महिन्यांनी, तिथे तीन आठवड्यांत," लेकीने परदेशातल्या हॉस्पिटलचं पत्र वाचून दाखवलं. "विमानतळावर गाडी घ्यायला येणार, बाबा."

"गाडीचं राहू दे. आठव्या दिवशी कोण बघणार?"

मिस्त्री पंप दुरुस्त करत. खुबा झिजल्यापासून त्यांना उकिडवं बसता येईना, आणि पंप तर जमिनीलगतच असायचा. चौदा महिने थांबावं तर धंदा हातचा जाणार. पण तीस वर्षांची त्यांची एक रीत होती: पंप बसवला की आठव्या दिवशी पुन्हा जाऊन बघायचं. गळती पहिल्या दिवशी तोंड दाखवत नाही.

"तिथले डॉक्टर व्हिडिओवर बघतील ना."

"व्हिडिओवर गळती हाताला लागते का गं?"

दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत इथल्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. "तिकडे सांधा बदलून आलो आणि काही बिघडलं, तर बघाल?"

"दुसऱ्यानं केलेल्या कामाला हात लावायला मी कचरते. आत काय घातलंय, कुठल्या मापाचं, काही कळत नाही. निस्तरायचं मात्र मी."

मिस्त्रींना हसू आलं. हेच त्यांनी आजवर किती गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं.

"सगळं लिहून आणलं तर?"

"मग बघेन."

घरी येऊन त्यांनी लेकीला परदेशातल्या हॉस्पिटलला लिहायला बसवलं. सांध्याचं माप, नंबर, ऑपरेशनची पूर्ण नोंद हातात द्यायची. टाके निघेपर्यंत तिथेच ठेवून घ्यायचं. "हो म्हणाले तर तिकीट काढ. नाहीतर चौदा महिने दात आवळून काढीन."

"आणि तरीही काही झालं तर?"

"तेवढा धोका उरतोच. तो डोळे उघडे ठेवून घ्यायचा."

चौथ्या दिवशी होकार आला. तिकीट निघालं.

निघायच्या आदल्या सकाळी मिस्त्री मागच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंच्या दारात उभे राहिले. पंप दुसऱ्याने बसवलेला म्हणून बाईंना त्यांनी दोनदा वाटेला लावलं होतं.

"आज कुठे वाट चुकलात, मिस्त्री?"

"टोमणे नंतर. आधी स्टूल द्या."

एका अंगावर भार देत त्यांनी पंप उघडला, बेअरिंग बदललं. मग कागदावर माप आणि तारीख लिहून तो प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि पाइपला बांधला.

"हे कोणासाठी?"

"पुढे जो उघडेल त्याच्यासाठी. आठव्या दिवशी मी इथे नसेन."

त्यांनी गाठ एकदा ओढून पाहिली आणि काठीसाठी हात पुढे केला.