अननस सोलणाऱ्या बोटांसाठी नख्या

जुलै महिना लागला की बेटावरच्या इविलेईतल्या डबाबंद अननसाच्या कारखान्यात फळांना अंत नसे. यंत्रातून सोलून आलेलं फळ डाव्या हातात धरायचं, उजव्या हातातल्या सुरीनं राहिलेले डोळे कोरून काढायचे आणि फळ पुढे सोडायचं, तोवर दुसरं आलेलंच. सकाळी सातपासून दुपारी साडेतीनपर्यंत एवढंच. एमालिया काउपिको चौदा वर्षं हेच काम करत होती. हातात रबरी मोजे असायचे, पण रस कुठून तरी आत झिरपायचाच. पंधरा दिवसांत बोटांची टोकं गुलाबी पडत, महिन्याभरात सालटी निघत, आणि मग घरी गेल्यावर मीठ चिमटीत धरायचं म्हटलं तरी डोळ्यांत पाणी येई.

अशा दिवसांत आबेलाकाका नाहुलु तिच्या घराच्या पायऱ्या चढून वर आले आणि पडवीतल्या खुर्चीत दम खात बसले.

"रविवारी कामाइलेच्या पणतूचा पहिला वाढदिवस आहे," ते म्हणाले. "ती नाचणार आहे. गिटार तू वाजवायचीस."

"काका, थट्टा करताय."

"थट्टा करायला मी इतक्या पायऱ्या चढेन होय? खालूनच ओरडून केली असती."

आबेलाकाका बहात्तर वर्षांचे. कालिही भागात स्टील गिटार म्हटलं की त्यांचंच नाव निघायचं. गिटार मांडीवर आडवी घेऊन, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवत ते वाजवायला लागले, की जेवणारी माणसं घास हातात धरून थांबत. तरुणपणी ते जहाजांवर वाजवत जगभर फिरले होते आणि परत येऊन गल्लीतल्या प्रत्येक बारशाला, लग्नाला, मयताला वाजवलं होतं. एमालिया आठ वर्षांची असल्यापासून त्यांच्याकडेच शिकली. पण तिचं वाजवणं पडवीतलं आणि चर्चमधलं. नाचणाऱ्या माणसाला साथ तिनं कधी केली नव्हती, आणि कामाइलेमावशी म्हणजे तर एक्क्याऐंशी वर्षांची, साऱ्या बेटावर नाव असलेली बाई. नाताळापासून काकांचा उजवा अंगठा आखडला होता. सकाळी तो कपाच्या कानातसुद्धा जाईना. त्यामुळे तुम्हीच का वाजवत नाही असं त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता, आणि नाही म्हणण्यातही नव्हता.

"माझी बोटं बघा," एमालिया म्हणाली आणि तिनं हात पुढे केला.

काकांनी बोटं धरून उजेडात नीट पाहिली. "हं," ते म्हणाले. "आज तर सोमवारच आहे."

अडचण खरी होती. अननसाच्या हंगामात ती तार छेडायला बोटांत चढवायच्या नख्या घालायचीच नाही, उघड्या बोटांनी हळूच वाजवायची. पण विजेच्या गिटारवर उघडं बोट म्हणजे तारेवर ओला टॉवेल आपटल्यासारखं. शंभर माणसांच्या अंगणात ते चालणार नव्हतं. अंगठ्याला एक आणि पुढच्या दोन बोटांना दोन अशा तीन नख्या हव्याच होत्या, आणि जुन्या नख्या तर सोललेल्या बोटांना चावत होत्या.

मंगळवारी कामावरून सुटल्यावर ती तशीच बसनं फोर्ट स्ट्रीटवरच्या वाद्यांच्या दुकानात गेली. अंगाला अननसाचा वास. दुकानदार चांगला माणूस होता. त्यानं तिचा हात बघून लगेच सांगितलं, "बायकांची बोटं नाजूक, त्यांना पातळ पितळेच्या नख्या. आवाजासाठी अंगठ्याला जाडजूड घ्या. अंगठ्याची नखी जितकी जाड, तितका सूर भरीव." तिलाही ते पटलं. घरी येऊन तिनं त्या चढवल्या. पातळ पितळेच्या कडा दोन ओळी वाजवेपर्यंत मांसात रुतल्या, आणि अंगठा असा दणकत होता की खालच्या तारांखाली वरचं गाणं ऐकूच येईना. नवरा आतून म्हणाला, "एमा, बंदरात जहाजाचा भोंगा वाजतोय की काय?"

बुधवारी ती काकांकडे गेली. ते फणसाच्या झाडाखाली बसले होते. तिनं नव्या नख्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या. त्यांनी त्या बघितल्या, बाजूला ठेवल्या आणि घरातून सिगारचा एक लाकडी डबा आणला. आत नख्याच नख्या. पितळेच्या, जर्मन सिल्व्हरच्या, कासवाच्या पाठीच्या, सेल्युलॉइडच्या, एक तर दात घासायच्या ब्रशच्या दांड्यातून कापून घासलेली. एमालियाला त्यांतल्या तीन ओळखीच्या होत्या. लहानपणापासून तिनं काकांच्या बोटांत त्याच पाहिल्या होत्या. तिनं त्यांच्याकडेच हात नेला.

"त्या नको," काका म्हणाले.

"या घातल्या तर तुमच्यासारखा सूर..."

"माझ्यासारखा सूर काढायला माझं बोट लागेल. ते मी अजून वापरतोय." त्यांनी डबा तिच्यासमोर सरकवला. "एकेक घाल. दर वेळी तीच एक ओळ वाजव. बघू नकोस माझ्याकडे."

ते पाठ फिरवून बसले, तोंड कोंबड्यांच्या खुराड्याकडे. एमालियानं एक जोडी चढवली, ओळ वाजवली.

"नाही."

दुसरी चढवली.

"नाही. पुढची."

सातव्या की आठव्या जोडीला ती म्हणाली, "काका, ही मला बरी वाटली."

"तुला बरी वाटली कारण ती दुखत नाही. ती चमच्यासारखी गोल झालीय, तारेला धक्का बसत नाही, तार नुसती खरवडली जाते. पुढची."

असं तासभर चाललं. एमालियाच्या मनात आलं, हा माणूस न बघता सांगतोय की नखी तारेवर सपाट पडली की कडेनं पडली. दोन बोटांतल्या कुठल्या बोटाची नखी अर्धा तांदूळ पुढे आलीय, हेही सांगतोय. एकदा तिनं मुद्दाम आधी घालून झालेलीच नखी पुन्हा घातली. "ही झाली," काका म्हणाले. "पोरी, मला वेळ आहे, पण संध्याकाळी मला अळकुड्या कुटून केलेली पोई खायचीय."

शेवटी ते वळले आणि अचानक विचारलं, "फळ कसं धरतेस तू?"

"कुठलं फळ?"

"दिवसभर कुठलं फळ धरतेस?"

तिनं डावा हात फळासारखा धरला आणि उजव्या हातात सुरी आहे असं समजून डोळे काढून दाखवले. तीनदा, चारदा. काका वाकून बघत होते. सुरी बोटांत नुसती टेकलेली होती. सगळं काम अंगठा करत होता. फळाला टेकू देत, दाबत, आत वळत. त्यांनी तिचा अंगठा धरून त्याच्या मुळाशी दाबलं. तिथे गाठोडं बांधल्यासारखा स्नायू होता.

"चौदा वर्षं," काका म्हणाले. "रोज किती फळं होतात?"

"मोजत नाही."

"हा अंगठा मोजतो. याच्यात बैलाचा जोर आहे, आणि त्या दुकानदारानं बैलाच्या पायाला बूट घातला." ते हसले. "याला जाड नखी म्हणजे जुलूम. याला सगळ्यांत पातळ द्यायची. वाकणारी. म्हणजे जोर नखीतच मुरेल. आणि ही दोन बोटं दमलेली, सोललेली. त्यांना जाड पत्र्याची, रुंद पट्ट्याची नखी द्यायची, म्हणजे वजन नखी घेईल, कातडीला काही करावं लागणार नाही."

"सगळे तर उलट सांगतात."

"सगळे अननस सोलत नाहीत."

मग त्यांनी चुलीवर किटली ठेवली. डब्यातली सेल्युलॉइडची एक पातळ, पिवळट नखी उकळत्या पाण्यात टाकली, मऊ झाल्यावर चमच्यानं काढून पंख्यासारखी हलवली आणि एमालियाच्या अंगठ्यावर बसवून तशीच धरून ठेवली. चटका बसला तरी ती हलली नाही. धातूच्या दोन नख्या त्यांनी पकडीनं वाकवल्या. टोक बोटाच्या वळणाबरोबर मागे वळलेलं, आपल्या नखाच्या उलट्या बाजूला दुसरं नख असावं तसं. पकड धरताना त्यांचा अंगठा साथ देईना, म्हणून ते दोन्ही तळव्यांनी दाबत होते. तीनदा नखी उडून गवतात गेली. एमालियानं मदतीला हात पुढे केला, तर ते म्हणाले, "तू तुझी बोटं सांभाळ." कानशिलावर घाम आला होता, पण एकेक वळण ते असं देत होते, की त्यांना बोट आतूनच दिसत असावं. त्या दिवशी त्यांच्याकडे बघताना एमालियाला वाटलं, यांचं वाजवणं आपण अठ्ठावीस वर्षं ऐकलं, पण ऐकणं म्हणजे काय ते आज पाहिलं.

नख्यांच्या आतून लावायला काहीतरी मऊ हवं होतं. ते दुसऱ्या दिवशी फुसाकोनं दिलं. फुसाको कारखान्यात फळांच्या सरकत्या पट्ट्यापाशी एमालियाच्या शेजारी उभी राहायची. तिच्याकडे जखमेवर लावायची कापडी चिकटपट्टी कायम असायची.

"बोट कापलंस?"

"नाही. गिटार वाजवायचीय."

"मग दोन गुंडाळ्या ने," फुसाको म्हणाली. "रविवारी मीही येणार आहे. वाईट वाजवलंस तर सोमवारी माझ्या शेजारी उभी राहू नकोस."

पुढच्या तिन्ही दुपारी एमालियानं सराव केला. पहिल्या दिवशी अंगठा गोंधळला. नखी वाकत होती आणि त्याला वाटत होतं काहीतरी चुकतंय. दुसऱ्या दिवशी त्याला कळलं की इथे कोरायचं नाही, नुसतं शिवायचं आहे. तिसऱ्या दिवशी खालच्या तारा समुद्रासारख्या मागून येऊ लागल्या आणि वरचा सूर मोकळा झाला. नवरा आतून ऐकत होता. थोड्या वेळानं तोच बाहेर येऊन पायरीवर बसला.

रविवारी दुपारी कामाइलेमावशीच्या अंगणात मांडवाखाली चटया पसरल्या होत्या. पहाटे तापल्या दगडांवर भाजायला जमिनीत पुरलेलं डुक्कर उकरून काढलं होतं, त्याचा धुराचा वास सगळीकडे होता. ज्याचा वाढदिवस तो पणतू गळ्यातली फुलांची माळ खात होता. आबेलाकाका वाजवणाऱ्यांच्या घोळक्यापासून लांब, थेट पोईच्या भांड्याजवळ बसले होते.

मावशी उठली तेव्हा अंगण आपोआप शांत झालं. लांब पांढरा झगा, अनवाणी पाय. तिनं एमालियाकडे पाहून हनुवटी जराशी हलवली, आणि एमालियानं सुरुवात केली.

पहिलं कडवं कसं गेलं ते तिला नंतर आठवेना. एवढंच आठवत होतं की म्हातारीचा हात वर जाई तेव्हा कांडी आपोआप वर सरके, आणि हात लाटेसारखा खाली येई तसा सूरही उतरे. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी मात्र घात झाला. उकाड्यानं चिकटपट्टी ओली झाली होती. मधल्या बोटाची नखी सुटली, चटईवर पडली आणि घरंगळत मावशीच्या पायांपाशी गेली.

दोन कडव्यांच्या मध्ये एक छोटा तुकडा वाजवायचा असतो. तो संपता संपता नाचणारी पुढच्या कडव्याचे पहिले शब्द मोठ्यानं सांगते आणि मग सगळे पुढे जातात. एमालियानं तो तुकडा उरलेल्या एका बोटावर आणि अंगठ्यावर धरला. तो संपला. मावशीनं शब्द सांगितले नाहीत. एमालियानं तुकडा पुन्हा वाजवला. मावशी जागच्या जागी, इकडून तिकडे, सावकाश झुलत होती, चेहऱ्यावर काही नाही. मधल्या बोटाचं काम आता कोणी तरी करायला हवं होतं, आणि ते पातळ नखीचा अंगठा करायला लागला. एक तार सोडून वर गेला, शिवला, परत खाली आला. जाड नखी असती तर तिथे धडपडला असता. तिसऱ्या वेळी तुकड्याला नवाच डौल आला. तेव्हा कुठे मावशीनं स्वच्छ आवाजात पुढचे शब्द सांगितले.

शेवटची तीन कडवी एमालियानं दोनच नख्यांवर वाजवली. नाच संपला आणि टाळ्या सुरू झाल्या. पहिली टाळी फुसाकोची, मग सगळ्यांच्या.

नंतर मावशी तिच्याजवळ येऊन बसली आणि मूठ उघडून नखी तिच्या हातात दिली. "माझ्या टाचेखाली येत होती. मोडली असती तर आबेला मला शिव्या देत बसला असता."

"मावशी, तुम्ही माझ्यासाठी थांबलात ना?"

"तुझ्यासाठी?" म्हातारी पदार्थांकडे बघत म्हणाली. "तुझा अंगठा काय करतोय ते मला ऐकायचं होतं. साठ वर्षं नाचतेय, तो तुकडा तसा कोणी वाजवला नव्हता. आबेलानंही नाही. जा, खाऊन घे, नाहीतर मासे संपतील."

एमालिया ताट घेऊन काकांजवळ गेली. ते जेवत होते.

"तिसऱ्या कडव्यात दुसरी तार उतरली होती," घास गिळून ते म्हणाले.

"हो. कळलं मला."

"कळलं तर ठीक." त्यांनी डाव्या हातानं पोईचं भांडं तिच्याकडे सरकवलं. "तो मधला तुकडा उद्या दुपारी मला दाखव. सावकाश. अंगठा वर कधी जातो ते मला नीट समजलं नाही."

एमालिया त्यांच्याकडे बघतच राहिली. अठ्ठावीस वर्षांत काकांनी तिला काही दाखव म्हणून म्हटलेलं नव्हतं. मग तिनं दोन बोटं पोईत बुडवली. बोटं चुरचुरली, पण पोई थंडगार होती, आणि तिला खूप भूक लागली होती.