रिकामी खाच

पडद्यावरचं पोस्टर पुन्हा अर्ध्यावरच गोठलं तेव्हा तिने कॉम्प्युटर बंद केला, वायर उपसली आणि पेटीचे स्क्रू काढायला घेतले. छापखान्याची डिझाइनं करणाऱ्या बाईच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर पाहून मालक काउंटरवरून उठून आले.

"काय उकरतेस?"

"मेमरी कमी पडतेय, काका."

"कुठली कमी? व्हर्च्युअल मेमरी वाढवून दिलीय ना मी? मेमरी भरली की तो हार्डडिस्कवर जागा काढतो. फुकटात. तूच मंदावली आहेस."

"ओट्यावर मावत नाही म्हणून मीठ माळ्यावर ठेवलंय तुम्ही. चिमूटभर लागलं तरी शिडी लावा. ती डिस्क दिवसभर शिडीच चढतेय."

"संध्याकाळी पोस्टर गेलं नाही, तर उद्यापासून तू दुसरीकडे बघ," मालक म्हणाले. आवाज प्रेमळ होता. माणसांना कामावरून काढायचे तेही मायेनेच.

कित्येक महिने हेच चाललं होतं. ती डोळे तपासून आली होती. घरचं पहाटे उरकून सगळ्यांच्या आधी कामावर येऊ लागली होती. वय झालं असेल, असं स्वतःला बजावत तिने गिऱ्हाइकांची माफीही मागितली होती.

झाकण निघालं. आत धुळीची गोधडी पसरली होती. मेमरीच्या दोन खाचा. एकीत पट्टी, दुसरी रिकामी. रिकामीच्या कडेला, धुळीत, बोटांचे ठसे.

ती समोरच्या टेबलाकडे गेली. तिथे जावईबापू बसत. या दशमग्रहाचा घरात त्रास नको म्हणून मालकांनी त्यांची स्थापना छापखान्यात केली होती. त्यांच्या कॉम्प्युटरवर दिवसभर पत्ते पिसले जात आणि पत्ते कधीच अडकत नसत.

"जरा उठता?"

जावईबापू उठले. तिने त्यांचा कॉम्प्युटर बंद करून त्याचीही पेटी उघडली. आतल्या एका पट्टीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. तिचं मशीन नवं आलं, तेव्हा तिनेच लावलेला.

"मी नाही हं, ताई," ते मालकांकडे बघत म्हणाले. "बाबांनीच बसवून दिली. मला वाटलं, तुम्हाला विचारलं असेल."

मालकांनी घसा साफ केला. "अगं, जावयाला नाही म्हणता येतं का? तू काय, घरचीच."

तिने पट्टी उपसली, आपल्या पेटीत खटका बसेपर्यंत दाबली आणि कॉम्प्युटर सुरू केला. पापणी लवायच्या आत पोस्टर उघडलं. मालकांचा चेहरा खुलला.

"बघ. उगाच डोक्यात राख घालून घेतलीस. आता उरक भराभर, माणूस न्यायला येईल."

तिने माउसला हात लावला नाही. कोपऱ्यातल्या नळाशी गेली, साबण घेतला आणि काळी झालेली बोटं एकेक करून चोळू लागली.

"आता कशाला थांबलीस?"

"वेळ लागेल, काका," ती म्हणाली आणि नळ आणखी बारीक केला.