लुटूपुटूच्या कुस्तीचा पट्टा

मी पट्टा बोलतोय. पँटीला ओवतात तो नव्हे. कुस्ती जिंकणाऱ्याच्या कमरेला बांधतात, तो. वीतभर रुंद, मधोमध सोनेरी पत्रा, त्यावर वाघाचं तोंड आणि भोवती लाल खडे. लांबून पाहिलंत तर डोळे दिपतील. फार जवळ मात्र येऊ नका.

माझा जन्म लोणावळ्यातला. हॉटेलांचे पडदे आणि सोफ्यांची कव्हरं शिवणाऱ्या नंदाबाईंनी उरलेल्या काळ्या रेक्झिनमध्ये फोम भरून मला शिवलं. पत्रा आला पाट्या करणाऱ्याकडून. तो कुठल्याशा बंगल्याच्या नावाची पाटी होणार होता, पण अक्षर चुकलं. माझ्या पाठीवर अजून 'निवा' एवढं कोरलेलं आहे. खडे बांगड्यांच्या दुकानातले. वाघ जरासा मांजरासारखा झालाय, त्याला माझा इलाज नाही.

मला करून घेतलं पवननं. तो एका रिसॉर्टमध्ये पाहुण्यांच्या करमणुकीचे कार्यक्रम बसवायचा. टीव्हीवर दाखवतात तशी कुस्ती त्यानं मागच्या लॉनवर सुरू केली. दर शनिवारी संध्याकाळी फळ्यांचा पोकळ मंच, त्याभोवती दोरांचा चौकोन, रंगीत दिवे, कर्ण्यावर गाणी. कोण जिंकणार, कितव्या मिनिटाला, कोणत्या डावावर, हे सगळं पवनच्या वहीत आधीच लिहिलेलं असायचं. पाहुणे मात्र घसा फुटेस्तोवर ओरडायचे.

मी पहिल्यांदा चढलो राजेश्वरीच्या कमरेला. ती सुदुंबऱ्याची. तिचे आजोबा, महिपतीआबा, एके काळचे नावाजलेले पैलवान. त्यांनीच तिला गावच्या तालमीत तांबड्या मातीत तयार केलं होतं. ती खऱ्या स्पर्धाही खेळली. पण तिथं दुसऱ्या फेरीत हरलं, की बॅग उचलून गुपचूप घरी यायचं, कुणी नावसुद्धा विचारत नाही. इथं शे-दीडशे माणसं "वाघीण! वाघीण!" म्हणून नाचायची. तिला ते आवडलं. कुणाला नाही आवडणार?

तिची जोडीदार ज्योत्स्ना, कुरवंड्याची. अंगानं बारकी, पण पडावं तर तिनं. हनुवटी छातीला लावायची, पाठ पसरून टाकायची, दोन्ही तळवे फळ्यांवर आपटायची. खालच्या पोकळीतून असा धडाका यायचा, की पुढच्या रांगेतल्या बायका तोंडावर हात घ्यायच्या. आणि ज्योत्स्नाला साधं खरचटलेलंही नसायचं. दोघी आठवडाभर सराव करायच्या. उचलण्याआधी राजेश्वरी हळूच विचारायची, "सोडलंस आंग?" ज्योत्स्ना म्हणायची, "सोडलं." मगच उचलायचं, असा त्यांचा नियम होता.

घोळ झाला तो माझ्यामुळंच. एका रविवारी राजेश्वरी मला पिशवीत घालून सुदुंबऱ्याला घेऊन गेली. आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी माझ्यावरून खरबरीत बोट फिरवलं.

"सोन्याचा हाय का गं?"

"न्हाई आबा, मुलामा हाय."

"असूंदे. जितलीस न्हवं?"

राजेश्वरीनं पिशवीचा बंद उगाच आवळला. मग म्हणाली, "व्हय आबा."

तेवढ्या एका शब्दानं म्हातारा इतका खुलला, की पुढं खरं सांगायचं तिच्या जिवावर आलं. आबा पारावर जाऊन सांगून आले, नातीनं लोणावळ्याची दंगल मारली. दर आठवड्याला विचारायचे, "जितलीस?" आणि पवनच्या वहीत वाघिणीचा विजय चालूच होता, त्यामुळं "व्हय" म्हणणं सोपं जायचं.

मग एके दिवशी आबा म्हणाले, "ह्या शनवारी मी येतो बगायला. तालमीतली चार माणसंबी हायेत."

नेमका त्याच शनिवारी पवनच्या वहीत राजेश्वरीचा पराभव लिहिलेला होता. मी ज्योत्स्नाकडे जाणार होतो.

राजेश्वरीनं पवनला गाठलं. मी टेबलावरच होतो, सगळं ऐकलं.

"पवनदादा, ह्या खेपेला मला जिंकू द्या. माझे आबा येणारेत."

"अगं, पोस्टर लागलेत. आणि ज्योत्स्नाची आई पण येणारे, पहिल्यांदाच. सहा महिने ती पोरगी तुझ्याकडून हरतेय. तिचा दिवस आहे हा."

राजेश्वरीनं मान डोलावली. मला वाटलं, तिला पटलं.

शनिवारी लॉन गच्च भरलं. दुसऱ्या रांगेत फेटा बांधलेले महिपतीआबा आणि तालमीतली माणसं. पलीकडे ज्योत्स्नाची आई सविता, ठेवणीतली साडी नेसून, पर्स मांडीवर घट्ट धरून. मी घंटेशेजारी मखमलीवर.

दहा मिनिटं सगळं वहीप्रमाणं झालं. मग शेवटचा डाव आला. ज्योत्स्नानं राजेश्वरीच्या कमरेला हात घालायचा, राजेश्वरीनं हलकं होऊन पाठीवर पडायचं, संपलं. ज्योत्स्ना अंग सैल सोडून, हसऱ्या डोळ्यांनी पुढं आली. आणि त्याच वेळी राजेश्वरीची नजर दुसऱ्या रांगेकडे गेली.

तिनं ज्योत्स्नाचा हात खांद्यावर ओढला आणि धोबीपछाड मारला. खराखुरा, मातीत शिकलेला. काही विचारलं नाही, सांगितलं नाही.

ज्योत्स्नाला हनुवटी आवळायलाही वेळ मिळाला नाही. ती खांद्यावर आदळली. या वेळी फळ्या धडाडल्या नाहीत, कट् असा बारीक आवाज झाला. लोक उभे राहून शिट्ट्या मारू लागले. त्यांना वाटलं, हाही खेळच. सविता एकटी किंचाळली. आणि महिपतीआबा उठले.

ऐंशीचा माणूस, दोर वाकवून आत शिरला. नातीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. डोक्यावरचा फेटा सोडला, गुडघ्यावर बसून ज्योत्स्नाचा हात छातीशी अलगद बांधला. "हलू नगंस, पोरी. गाडी येतीया." मग वळले.

"आबा, मी..." राजेश्वरी रडत होती. "तुमी बगत हुता. मला हरायचं न्हवतं तुमच्याम्होरं."

"पैल्या मिंटालाच वळखलं मी, लुटूपुटूची हाय ते. मातीत मुरल्याला मानूस हाय मी. पर लय सुबक करत हुता गं दोगी. मी मजेत बगत हुतो." त्यांनी ज्योत्स्नाकडे हात केला. "कुस्तीत समोरचा सावध असतो. ही सावध न्हवती. तिनं आंग तुज्या हवाली केलं हुतं, आन् तू डाव मारलास. ह्याला कुस्ती म्हनायची का?"

लोक खुर्च्या सरकवून उठू लागले. मला कुणीच उचललं नाही.

ज्योत्स्नाच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. दोन महिने हात झोळीत. राजेश्वरी दोनदा कुरवंड्याला गेली आणि दोनदा दारातूनच परतली. "आता आणि काय मोडायला आलीस?" असं सवितानं विचारलं.

तिसऱ्यांदा आबा बरोबर गेले. मी त्यांच्या काखेत, पवनकडून मागून आणलेला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. आबा उंबऱ्याबाहेरच थांबून म्हणाले, "सविताबाई, चूक हिची हाय, आन् शिकवनारा मी हाय. मी डाव शिकवले. दुसऱ्याची मान कशी राखायची, ते शिकवायचं ऱ्हाऊन गेलं." मग वर्तमानपत्र उलगडलं. "ह्यो पट्टा त्या दिवशी तुमच्या लेकीचा ठरला हुता. तिला द्यायला आलोय."

सवितानं मला नीट निरखलं. मग बाजूला सरली आणि आत चहा ठेवायला गेली. 

बुद्धाच्या तसबिरीखाली ज्योत्स्ना कॉटवर बसली होती. तिनं मला मांडीवर घेतलं. राजेश्वरीकडे न बघता तिनं आबांना विचारलं, "आबा, खरी कुस्ती झाली असती, तर मी किती टिकले असते हिच्यापुढं?"

"अर्दा मिनिट," आबा खरं बोलून गेले.

ज्योत्स्नाला हसू फुटलं, हसताना खांदा दुखला. "आणि मी पडते तशी ही पडली असती तर?"

"उटली नसती. आमच्या तालमीत तसं पडता येनारं येक मानूस न्हाई. बरी झालीस, की शिकवशील आमच्या पोरींना?"

तेव्हा कुठं ज्योत्स्नानं राजेश्वरीकडे पाहिलं. "तू बस की. उभी का?"

राजेश्वरी बसली. माफी तिनं मागितली, पण ती इतकी हुंदक्यात, की मला शब्द लागले नाहीत. ज्योत्स्नाला लागले असावेत.

हाड सांधलं. बुधवारी सकाळी ज्योत्स्ना सुदुंबऱ्याच्या तालमीत जाऊ लागली. आबा कडेला बसून पोरींना ओरडायचे, "हनवटी आत! ती काय सांगतीया ऐका!" राजेश्वरीनं मात्र रिसॉर्टची कुस्ती सोडली होती. पवननं दुसरी जोडीदार शोधली, तर ज्योत्स्नानं ठाम नकार दिला. ती राजेश्वरीला म्हणाली, "आता कुणी उचलायला आलं की अंग ताठ होतं माझं. भीती तुझ्या हातून बसलीय, तुझ्याच हातून जाईल."

चार महिन्यांनी दोघी पुन्हा चौकोनात उतरल्या. सविता आणि आबा शेजारी शेजारी बसले होते. आबांच्या मागं मुंबईहून आलेला एक पाहुणा बायकोला समजावत होता, "अगं, हे सगळं ठरवलेलं असतं."

आबा मागं वळले. "व्हय, ठरल्यालं हाय. ठरल्यापरमानं करून दावायला काय लागतं, ते बगा आता."

चौकोनात राजेश्वरीनं ज्योत्स्नाचा हात खांद्यावर घेतला. तोच डाव. तिचे ओठ हलले. मी घंटेशेजारी, अगदी जवळ होतो.

"सोडलंस आंग?"

उत्तर येईना. ज्योत्स्नाचे पाय ताठ होते. राजेश्वरी थांबली. लोक ओरडत होते, पवन घड्याळ दाखवत होता, ती थांबूनच राहिली. मी तिला शेकडो माणसांसमोर जिंकताना पाहिलंय, पण इतकी ताकद लावून उभी राहिलेली त्या दिवशीच पाहिली.

मग ज्योत्स्नानं एक लांब श्वास सोडला. "सोडलं."

ती हवेतून गेली आणि फळ्या अशा धडाडल्या, की सवितानं आबांचा दंड धरला. ज्योत्स्ना डोळे मिटून पडून राहिली. राजेश्वरी तिच्यावर वाकली, चेहरा पांढराफटक. ज्योत्स्नानं एक डोळा किलकिला केला.

"बघत काय बसलीस? आता तू हरायचंयस."

आणि राजेश्वरी हरली. इतकी मनापासून, की आबांनी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवली.

आता मी कुरवंड्याला असतो. सोनेरी रंग कडेनं उडालाय, दोन खडे पडले. शनिवारी सविता मला ओल्या फडक्यानं पुसून लेकीच्या पिशवीत ठेवते. राजेश्वरी जत्रेतल्या खऱ्या कुस्त्याही पुन्हा खेळू लागलीय. काही जिंकते, काही हरते, आणि आबांना दोन्ही सांगते.

कधी आमच्याकडे आलात, तर खुशाल म्हणा, हे खोटं आहे. मी नाही म्हणणार नाही. फक्त कुणी पाठीवर पडली आणि हसत उठली, तर तिला पाडणारीसाठीही एक टाळी वाजवा.