नानांचा हातगुण

माशांच्या आजारपणात नानांना विचारल्याशिवाय गावात कुणी टाकीत चिमूटभर मीठसुद्धा टाकत नसे. पांढरे ठिपके दिसले की पाणी कोमट ठेवा, पोट फुगलं की उपाशी ठेवा, हे सगळं नाना काचेबाहेरून एका नजरेत सांगत. आणि सांगताना तोरा असा, की जणू मासाच येऊन कानात बोलून गेलाय.

नानांच्या शोभेच्या माशांच्या दुकानात त्यांच्यासोबत त्यांची मुलगी असायची. नवे मासे महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवायचे, मगच जुन्यांत सोडायचे, हा तिचा हट्ट. एकदा नानांनी आठ एंजल मासे आणले, तेव्हाही ती तेच म्हणाली.

"माझी नजर आहे ना? ठणठणीत आहेत," म्हणत नानांनी ते थेट मोठ्या टाकीत सोडले.

दोन महिन्यांत त्या टाकीतले मासे खंगायला लागले. पोटं खपाटीला गेली, पाठी वाकल्या. नानांनी जंतांचं औषध दिलं, मग दुसरं, मग तिसरं. तरी रोज सकाळी एकदोन मासे मरून तळाशी पडलेलेच. आता नानांचं औषध चुकेल कसं? मग चूक कुणाची, तर पोरीची! भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर ते ओरडले, "हिच्या हातालाच गुण नाही. हिने टाकीत हात घातला की मासा मेलाच म्हणून समजा!"

तिने हात पुसले, चपला घातल्या आणि निघून गेली. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शहरात एका वह्या-पुस्तकांच्या दुकानात नोकरीला लागली. वर्षभर नानांनी तिचा विषय काढू दिला नाही. बायकोने काढला, तर भरल्या ताटावरून उठायचे.

मग नानांच्या मनगटावर गाठ आली. सतरा मलमं झाली, पण बरी होईना. शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि रिपोर्ट बघून विचारलं, "मासे पाळता का हो?"

माशांचा क्षय निघाला. टाकीतले मासे त्यानेच खंगत होते, आणि हातावरच्या ओरखड्यातून तो नानांच्या अंगात शिरला होता. माणसाला महिनोन्महिने गोळ्या घेऊन बरं होता येतं. माशांना औषधच नाही. नाना तिथल्या बाकावर बसून राहिले. त्यांना स्वतःची लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर येऊन त्यांनी लेकीला फोन लावला. "चुकलं गं माझं. त्या एंजलनीच आजार आणला, क्षय आहे. तू परत ये. दुकान तूच बघ."

"क्षयाचं माहीत आहे मला."

"तुला कसं?"

"मलाही झाला होता. उजव्या हाताच्या बोटाला."

"अगं, मग सांगायचं नाही का!"

"कळलं त्याच दिवशी फोन केला होता, नाना. तुम्ही म्हणालात, माशांचं मला शिकवू नकोस. आणि ठेवून दिलात."

नानांना तो फोन आठवला. "पण... आता बरं आहे ना?"

"जखम भरली. बोट वाकत नाही," ती म्हणाली. "ठेवते. गिऱ्हाईक उभं आहे."