जास्तीची हवा

मी एक जुनी एअर रायफल आहे. माझ्यात दारू नाही की ठिणगी नाही. नळीखालच्या सिलिंडरमध्ये दाबून भरलेली हवा हेच माझं बळ. चाप ओढला की आतली छोटी हातोडी व्हॉल्व्हवर आपटते. तो क्षणभर उघडतो, घोटभर हवा छऱ्याला ढकलते आणि व्हॉल्व्ह पुन्हा मिटतो. मित्रांनो, माझं सगळं आयुष्य त्या क्षणभरात सामावलेलं आहे.

कारखान्यातून आले तेव्हा माझा व्हॉल्व्ह कडक प्लॅस्टिकचा होता, हलका आणि चपळ. क्लबातली कितीतरी मुलं माझ्यावर नेम धरायला शिकली. मग नव्या रायफली आल्या आणि मी कपाटात पडून राहिले. तिथून एका मुलीने मला बाहेर काढलं, पुसलं, आपलं मानलं.

संघाच्या निवड चाचणीच्याच आठवड्यात माझ्यातून हवा झिरपू लागली. वर्षानुवर्षं मिटताना धातूच्या कडेवर आपटून प्लॅस्टिकला वळ पडला होता. मुलीचा मामा लेथवर काम करायचा. त्याने पितळेचा व्हॉल्व्ह कातला आणि घासून असा बसवला की हवेचा बुडबुडाही सुटेना.

"घे, ठमाबाई! आता तुझी नातवंडंसुद्धा हिच्यावर नेम धरतील."

"आधी मला तरी धरू दे, मामा!"

सराव थोडाच झाला. छरे नेमके जात होते, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

चाचणीला वयाची अट होती. मुलीची ही शेवटची संधी. अर्ध्या फेरीत तिची नजर माझ्या दाबमापकावर गेली आणि तिथेच खिळली. सुई भलतीच खाली आली होती. पितळ जड, एकदा उघडलं की मिटायला उशीर लावत होतं. छरा नळीबाहेर गेल्यावरही मागून हवा वाया जात होती. सुई तांबड्या पट्ट्यात शिरली की छऱ्याचा वेग पडणार, नेम खाली घसरणार.

पंचांना विचारून सिलिंडर बदलता येतो, पण त्यासाठी जादा वेळ मिळत नाही. शिवाय काचेपलीकडे मामा बसला होता. सकाळपासून शेजारच्या प्रत्येकाला तो त्या व्हॉल्व्हचं कौतुक ऐकवत होता. मुलीने पंचांना बोलवायला हात वर करायला घेतला आणि खाली आणला. आणखी एक छरा. आणखी एक. तिच्या गालावरचा घाम माझ्या दस्त्यावर उतरत होता. मला ओरडता येत नव्हतं. माझा आवाज काय तो चाप ओढल्यावरचा, आणि तोही आता लांबट, फुसफुसता येत होता.

मामाचा कान यंत्रांमध्ये तयार झालेला; काचेपलीकडूनही त्याने ती फुसफुस ओळखली. तिने मागे पाहिलं तेव्हा त्याची खुर्ची रिकामी होती. तो दारात उभा होता, भरून आणलेला दुसरा सिलिंडर छातीशी धरून. चेहरा पार उतरलेला. त्याने स्वतःचा हात वर केला.

तेव्हा कुठे तिने आपला केला.

सिलिंडर बदलून उरलेले छरे तिने घड्याळाशी झुंजत सोडले. शेवटचा सुटला आणि वेळ संपल्याचा पुकारा झाला. संघात तिला अगदी शेवटची जागा मिळाली.

घरी येताच मामाने मला उघडलं.

"राहू दे ना, मामा. किती सुंदर केलायस!"

"सुंदर आहे गं. पण जड आहे."

त्याने कडक प्लॅस्टिकचा तुकडा लेथला लावला.

मित्रांनो, मोडलेलं दुरुस्त करताना सगळ्यात मजबूत काय, एवढंच शोधू नका. त्या जागेचं काम काय, ते आधी पाहा. आणि तुम्ही मायेने दिलेलं कुणाला जड होत असेल, तर त्याने तोंड उघडायची वाट पाहू नका.