दोन्हीकडून हात

मित्रांनो, मी एक जुना कूड आहे. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून, त्यांवर माती, शेण आणि भाताचा कोंडा थापला की माझ्यासारखी भिंत तयार होते. भांडुपच्या डोंगरातून कारवी आणून मला उभे केले ते या घराच्या मूळ मालकाने आणि त्याच्या बायकोने, रुक्मिणीने. तो माजघरात बसे, ती स्वयंपाकघरात. दोघे एकाच जागी, एकाच वेळी माती दाबत. तेव्हाच दोन्ही बाजूंची माती काठ्यांच्या फटींतून एकमेकीला धरते. माझ्या अंगाची पहिली आठवण आहे ती समोरासमोरच्या दोन तळव्यांची.

पुढे मालक वारला आणि त्याच्या मुलांचे बिनसले. थोरला सहदेव कचेरीत कारकून, धाकटा लवू गिरणीत. माजघर थोरल्याला आले, स्वयंपाकघर धाकट्याला. माझ्यातल्या दाराला दोन्ही अंगांनी कड्या लागल्या. खोल्या वेगळ्या करणारा मी, त्या दिवसापासून माणसे वेगळी करू लागलो. मला कोणी विचारले नव्हते.

वडिलांची तसबीर टांगण्यासाठी सहदेवाने माझ्यात भलीमोठी खुंटी ठोकली. माती ढासळली, हाताएवढे भोक पडले. त्याने खुंटी जराशी वर ठोकून तीच तसबीर भोकावर टांगली. पण पलीकडे लवूच्या बायकोची, मालनची चूल होती आणि अलीकडे रुक्मिणीचे अंथरूण. तिला दमा. चूल पेटली की धूर तसबिरीमागून निघे. म्हाताऱ्याचा चेहरा काळवंडत गेला आणि म्हातारीचा श्वास अडकत गेला.

भाऊ एकमेकांशी बोलत नसत. थोरला आपल्या बायकोशी, माणिकशी बोले, धाकटा मालनशी, पण मोठ्याने.

"माणिक, पलीकडच्यांना सांग, आई गुदमरतेय इथे. धूर आवरा म्हणावं!"

"मालन, सांग त्यांना, भोक कोणी पाडलं? ज्यांनी पाडलं त्यांनी बुजवावं!"

अखेर सहदेवाने ओळखीतून थोडे सिमेंट मिळवले आणि मोठ्या ऐटीत माझ्यावर थापले. मातीला सिमेंट धरत नाही. वाळल्यावर ते माझी आणखी माती घेऊन धपकन खाली आले. लवूने त्याच्या बाजूने गोणपाटाचा बोळा कोंबून वर चुना फासला. बोळा सुटून अलीकडे पडला, थेट आईच्या उशाशी. मग पुन्हा सिमेंट, पुन्हा चुना. मला ओरडावेसे वाटे, "अरे, माझ्या आत पोकळी राहते आहे!" पण भिंतीला आवाज कुठला?

रुक्मिणी खोकता खोकता म्हणे, "दोनय बाजून हात लागतत रे झिला..."

"आई, तू पड. तुला सिमेंटातलं काय कळतंय?"

एका दुपारी, पुरुष कामावर असताना, म्हातारीला अशी उबळ आली की तिचे ओठ निळसर पडले. माणिकने तसबीर उतरवली आणि भोकाशी तोंड नेले.

"मालन, आधी चूल विझव. मग माती कालव. कोंडा आहे ना?"

"आहे जाऊबाई. पण ह्यांना सांगू नका हो."

"मी कशाला सांगतेय? दाब आता."

"अगं आई गं! जाऊबाई, बांगड्या टोचतायत तुमच्या!"

"मग हात जरा बाजूला घे, बये. माती दाब, मला नको!"

दोघी हसत होत्या. मित्रांनो, कित्येक वर्षांनी माझ्या अंगावर समोरासमोर दोन तळवे होते. माती आतल्या आत मिळाली आणि भोक नाहीसे झाले.

संध्याकाळी चूल पेटली, पण धूर आला नाही. तसबीर पुन्हा जागेवर होती; ती न हलवताच सहदेव म्हणाला, "माणिक, बघितलंस? शेवटी सिमेंटच टिकलं!" पलीकडे चुलीमागे न डोकावताच लवू सांगत होता, "चुना माझा होता म्हणून." दोघींनी आपापल्या घरची पाने वाढायला घेतली. मी मात्र आतून भाजत होतो. रुक्मिणी एवढ्या गोंधळात शांत झोपली होती, म्हणून काय ते सोसले.

तुमच्या घरातले भोक बुजवताना, मित्रांनो, आधी पलीकडे हाक मारा. एका बाजूने थापलेले माझ्यासारख्याच्या अंगी लागत नाही. माणिकचा तळवा आजही तसबिरीमागे उमटलेला आहे. मालनचा, चुलीच्या बाजूला. दोन्ही ठसे ज्याला पाहायचे असतील, त्याला माझ्या दाराची कडी काढावी लागेल. अजून कोणी ती काढलेली नाही.